छातीत दुखतंय, झोप लागत नाही : कामाच्या ताणानं माणूस गेला तर भरपाई कधी मिळते?

डिसेंबर १९६१. 'द्वारका' नावाच्या बोटीवर डेकचं काम करणाऱ्या एका तरुण खलाशानं १३ तारखेला छातीत दुखत असल्याची तक्रार केली. बोटीवरच्या डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर झाला. १५ तारखेला तो परत डॉक्टरांकडे गेला. छातीत दुखतंय आणि आता झोपही लागत नाही, असं त्यानं सांगितलं. या वेळी शामक गोळ्या मिळाल्या. त्याच रात्री अडीचच्या सुमाराला तो बोटीच्या ब्रिजजवळ, म्हणजे जिथून बोट चालवतात त्या जागेजवळ, दिसला, तिथून त्याला परत पाठवलं. तीन वाजता पाळीवरच्या एका खलाशाला तो म्हणाला, झोपायला चाललोय. सकाळी सव्वासहाला तो बोटीवर नव्हता. इराणमधलं खुर्रमशहर आणि इराकमधलं अशार यांच्या दरम्यान एक खलाशी बेपत्ता आहे, नदीत असू शकतो, सर्व जहाजांनी लक्ष ठेवावं, असा बिनतारी संदेश गेला. मृतदेह कधीच मिळाला नाही.

वडिलांनी मुंबईत भरपाईचा दावा लावला. असे दावे ऐकणाऱ्या भरपाई आयुक्तांनी तो फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयानं मान्य केला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा फेटाळला. वडील हरले.

कामाच्या ताणामुळे होणाऱ्या मृत्यूंबद्दल कोणी विचारलं की मी याच खटल्यापासून सुरुवात करतो. आपल्याकडे असे दावे कुठे अडतात ते यात स्वच्छ दिसतं. मुलगा बोटीवरच होता, म्हणजे कामावरच होता. छातीतलं दुखणं आणि न लागणारी झोप या दोन्ही गोष्टी बोटीच्या वैद्यकीय नोंदवहीत लिहिलेल्या होत्या. तरीही न्यायालयानं विचारलं की तो कामामुळे गेला, हे कशावरून? आयुक्तांनी बोट स्वतः जाऊन पाहिली होती. कठडा साडेतीन फुटांहून उंच होता. त्या वेळी तो डेकवर कुठल्या कामासाठी गेला होता, हे सांगणारं कोणी नव्हतं. अपघात असेल, आत्महत्या असेल, आणखी काही असेल. नुसत्या अंदाजावर भरपाई देता येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

सगळा कायदा दोन शब्दप्रयोगांवर उभा आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याप्रमाणे (२००९ पर्यंत त्याच्या नावात 'कर्मचारी'ऐवजी 'कामगार' होतं) इजा 'कामाच्या ओघात' व्हावी लागते आणि 'कामामुळे'ही व्हावी लागते. पहिलं सिद्ध करणं सोपं असतं. पाळी चालू होती, माणूस गाडीवर, मशिनवर, गेटवर होता, मस्टरवर सही आहे, झालं. दुसऱ्या शब्दात खरी अडचण आहे. यंत्रात हात सापडला तर 'कामामुळे' वेगळं दाखवावं लागत नाही. हृदय बंद पडलं किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तर मालकाचा किंवा विमा कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला म्हणतो, हे तर घरी पलंगावरही झालं असतं. त्यात मृत माणसाला आधीपासून रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर त्याच्या औषधांची चिठ्ठी सगळ्यात आधी दाखल होते.

या युक्तिवादाला उत्तर मुंबईतच मिळालेलं आहे, तेही सत्तर वर्षांपूर्वी. मुंबई पोर्ट ट्रस्टचा एक पहारेकरी. त्याला हृदयविकार होता, याबद्दल वाद नव्हता. त्याचं काम होतं उभं राहायचं आणि फिरायचं, आणि त्या श्रमाचा हृदयावर ताण येऊन तो वारला, हेही पुराव्यात आलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यासमोर प्रकरण आलं आणि १९५४ च्या निकालसंग्रहात छापलं गेलेलं त्यांचं सूत्र आजही वकील उद्धृत करतात. मृत्यूचं एकमेव कारण काम असावं लागत नाही. कामानं मृत्यूला हातभार लावला, किंवा पुढे कधीतरी येणारा मृत्यू अलीकडे ओढून आणला, किंवा आजार आणि काम या दोहोंनी मिळून माणूस गेला, तरी मालक जबाबदार आहे. नुसत्या आजारानं माणूस गेला असेल, तर मात्र नाही. त्यामुळे 'त्यांना आधीपासून बीपी होतं' हे ऐकून घरी परत जाऊ नये. बीपी असलेल्या माणसाकडून त्या आठवड्यात काय काम करून घेतलं, हा प्रश्न त्यानंतरच सुरू होतो.

सर्वोच्च न्यायालयाचे पुढचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले, की सीमारेषा जवळपास हाताला लागते. दोन्ही वाहनांवर काम करणाऱ्यांचे आहेत.

पहिला नोव्हेंबर २००६ चा. २१ वर्षांचा क्लीनर, गाडीतून जात असताना हृदय बंद पडून गेला. आईनं दावा केला. न्यायालय म्हणालं, हृदयविकारानं मृत्यू आला एवढ्यावरून कामामुळे अपघात झाला असं धरता येत नाही. तो गाडीतून प्रवास करत होता, एवढ्यावरून त्याचं काम ताणाचं होतं असंही म्हणता येत नाही. ताण गृहीत धरला जात नाही, तो पुराव्यानं दाखवावा लागतो. आईच्या बाजूनं तसं काहीच पुराव्यात आलेलं नव्हतं.

दुसरा डिसेंबर २०१२ चा. ट्रकचालक, वय ४५. दिल्लीहून माल घेऊन झारखंडमधल्या निमियाघाटला निघालेला, अंतर ११५२ किलोमीटर. वाटेत अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून त्यानं ट्रक रस्त्याच्या कडेला हॉटेलजवळ उभा केला, तिथेच बेशुद्ध पडला आणि गेला. उच्च न्यायालयानं भरपाई नाकारली होती, सर्वोच्च न्यायालयानं ती परत दिली. इतक्या लांबच्या पल्ल्यावर अवजड वाहन सतत चालवणं हाच ताण आहे, आणि अशा कामात असं अचानक कोसळणं हा कायद्याच्या भाषेत अपघातच आहे, अशी भूमिका न्यायालयानं घेतली.

दोघांचंही हृदयच थांबलं. फरक पडला तो ११५२ किलोमीटर या आकड्यामुळे. एका प्रकरणात कामाचं ओझं किती होतं हे मोजून सांगता आलं, दुसऱ्यात नाही. मला कळकळीनं सांगायचं आहे ते इतकंच आहे. ताण हा शब्द न्यायालयापुढे चालत नाही. तास, किलोमीटर, सलग रात्रपाळ्या, न मिळालेल्या सुट्ट्या, माणसं कमी असल्यामुळे एकावर पडलेलं दोघांचं काम, हे चालतं. आणि ते सगळं कागदावर असतं, फक्त ते कागद मालकाच्या ताब्यात असतात आणि पहिल्या महिनाभरात गोळा केले नाहीत तर नंतर हाती लागत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एक वहिनी कापडाच्या दुकानाची पिशवी घेऊन आल्या. नवरा टेम्पो चालवायचा, माल उतरवताना कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. पिशवीत मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, पंचनाम्याची झेरॉक्स, लायसन, आणि देवळातल्या प्रसादाच्या कागदात गुंडाळलेले पाकिटातले पैसे, जसेच्या तसे. पगाराची पावती नाही, नेमणुकीचं पत्र नाही. मालक म्हणत होता, माझ्याकडे तो रोजंदारीवर कधीमधी यायचा. मी नवऱ्याचा फोन मागितला. तो त्यांनी चार्ज करून कपाटात ठेवला होता. त्यात मालकाचे व्हॉट्सअॅपवरचे आवाजी निरोप होते: कुठे पोचला, अजून का नाही पोचला, रिकामी गाडी घेऊन लगेच भिवंडीला ये. फास्टॅगचे पैसे त्याच्याच नंबरवरून कापले जात, त्यामुळे प्रत्येक टोलनाक्याचा मेसेज वेळेसकट होता. आम्ही ते मेसेज वहीत एकाखाली एक उतरवले. शेवटच्या तीन दिवसांत गाडी कुठेही पाच तासांपेक्षा जास्त थांबलेली नव्हती. वहिनी ते आकडे बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, मला वाटायचं ते माझा फोन मुद्दाम उचलत नाहीत."

१९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा (तो २०२५ पर्यंत लागू होता) चालकासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत होता. ती मोडली गेली हे टोलच्या मेसेजवरून दिसतं, आणि मग ताण होता की नव्हता यावर बोलायला वकिलाला काहीतरी ठोस मिळतं.

शवविच्छेदनाबद्दल एक सांगायला हवं. नैसर्गिक मृत्यू म्हणून ते टाळायचं, असा घरच्यांचा कल असतो आणि तो मला समजतो. पण कामावर माणूस कोसळला असेल तर शवविच्छेदन करून घ्यावं. हृदयाच्या रक्तवाहिन्या किती भरल्या होत्या, झटका ताजा होता की जुना व्रण होता, हे फक्त तिथेच कळतं. कामाच्या ताणानं आजार बळावला असू शकतो, असं सांगणाऱ्या डॉक्टरची साक्षही त्याच अहवालावर उभी राहते. अहवाल नसेल तर त्यांना सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

आता पैसे किती, ते. १९२३ च्या कायद्यानुसार मृत्यूची भरपाई म्हणजे महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. तिसाव्या वर्षी गुणक २०७.९८, पंचेचाळिसाव्या वर्षी १६९.४४. हिशोबासाठी पगार मात्र जास्तीत जास्त १५,००० धरला जातो. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे, त्याआधी जवळपास दहा वर्षं ती ८,००० होती. म्हणजे ४५ वर्षांच्या चालकाला खरोखर २५ हजार मिळत असले, तरी हिशोब असा होतो: १५,००० चे निम्मे ७,५००, गुणिले १६९.४४, एकूण १२,७०,८०० रुपये. या जुन्या कायद्यात अंत्यविधीचे किमान ५,००० वेगळे होते. दारू प्यायला होता, सुरक्षेचा नियम मोडला, या सबबी इजेच्या दाव्यात चालतात, मृत्यूच्या दाव्यात कायद्यानंच त्या बाद केल्या आहेत. महिन्याभरात रक्कम जमा केली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण उशीर केला तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

हे पैसे मालकानं थेट घरच्यांच्या हातात द्यायचे नसतात, आयुक्तांकडे जमा करायचे असतात. मुद्दाम सांगतो, कारण दहावं-तेरावं होण्याच्या आत कुणीतरी येऊन पन्नास हजारांच्या पाकिटाबरोबर 'आता आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही घेऊन जातं. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं रद्दबातल आहे. सही झाली असली तरी दावा करता येतो.

दाव्याची मुदत या कायद्यात दोन वर्षांची आहे. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्यात सामावला गेला. 'कामामुळे आणि कामाच्या ओघात' हे शब्द मात्र नव्या संहितेतही तसेच आले आहेत. म्हणून छागलांच्या पहारेकऱ्यापासूनचे सगळे निकाल पुढेही उपयोगाचे राहतील.

ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव असलेल्या कामगाराची गोष्ट वेगळी आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. तिथे मालकावर दावा करता येत नाही, महामंडळाकडून दरमहा लाभ मिळतो. पूर्ण दर पगाराच्या ९० टक्के, त्यातला तीन पंचमांश विधवेला, दोन पंचमांश प्रत्येक मुलाला, बेरीज वर गेली तर त्या प्रमाणात कपात. पण खरी गोम पुराव्यात आहे. ईएसआयच्या कायद्यात असं गृहीतक आहे की अपघात कामाच्या ओघात झाला असेल, तर उलट पुरावा येईपर्यंत तो कामामुळेच झाला असं धरायचं. बोटीवरच्या त्या खलाशाच्या वडिलांवर जे ओझं होतं, ते इथे समोरच्याच्या खांद्यावर जातं. झटका हा अपघात आहे का, हा वाद तरीही होतो. पण मधली सगळ्यात अवघड पायरी कायद्यानं आधीच चढून दिलेली असते. दोन कायदे, एकच दुःख आणि पुराव्याचा भार मात्र उलटसुलट. भरपाई कायद्यातही असं गृहीतक आणायला कोणाची हरकत असावी, हे मला आजवर कळलेलं नाही.

ईएसआयची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे. तिच्या वरच्या आणि कचेरीत बसून काम करणाऱ्या माणसाचं काय?

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एक २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट वारली. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात सगळीकडे पसरलं आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं स्वतःहून दखल घेतली. तिचा मृत्यू कशामुळे झाला याचा निवाडा मी करणार नाही. पण त्या आठवड्यात मला अनेकांनी विचारलं, अशा वेळी भरपाईचा कायदा काय देतो? प्रामाणिक उत्तर असं, की दावा उभा करतानाच अडखळायला होतं. हा कायदा सरसकट सगळ्या नोकरदारांना लागू नाही. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कामांची यादी आहे: कारखाना, खाण, बांधकाम, बोट, वाहन, गोदी आणि अशीच पुष्कळ. कारकुनी काम करणाऱ्यांना बाहेर ठेवणारे शब्द २००९ मध्ये काढले गेले, त्यामुळे कारखान्यातला कारकून आत आला. पण लॅपटॉपवर रात्री दोनपर्यंत काम करणारी मुलगी या यादीतल्या कुठल्या ओळीत बसते, इथूनच वाद सुरू होतो. तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार आहेत. त्यात शिसं आहे, पारा आहे, कोळशाची आणि दगडाची धूळ आहे. मनावरच्या ताणातून होणारा एकही आजार नाही.

जपाननं यातून वाट काढली आहे, म्हणून तिथलं थोडं सांगतो. अतिकामानं येणाऱ्या मृत्यूला तिथे 'कारोशी' म्हणतात. हृदय किंवा मेंदूच्या झटक्यानं माणूस गेला, तर आधीच्या एका महिन्यात सुमारे १०० तास, किंवा दोन ते सहा महिन्यांत दरमहा सरासरी ८० तासांच्या वर ओव्हरटाइम झाला होता का, हे सरकारी अधिकारी पाहतात. झाला असेल, तर काम आणि मृत्यू यांचा संबंध दाट मानला जातो. तासांबरोबर अनियमित पाळ्याही जमेस धरतात. मनाच्या आजारासाठी वेगळा तक्ता आहे. आजार सुरू होण्याआधीच्या सहा महिन्यांत कामावर काय काय घडलं, वरिष्ठानं छळलं का, मोठी चूक अंगावर आली का, अचानक जबाबदारी वाढली का, याची यादी करून प्रत्येक घटनेला तीव्र, मध्यम, सौम्य अशी प्रत दिली जाते. आत्महत्याही या तक्त्यातून तपासली जाते. हे त्यांना फुकट मिळालेलं नाही. डेन्त्सू या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या कर्मचाऱ्यानं १९९१ मध्ये जीव दिला, त्याच्या आईवडिलांनी खटला लढवला, आणि जास्त कामामुळे कर्मचाऱ्याची तब्येत ढासळू नये हे पाहणं मालकाचं कर्तव्य आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००० साली सांगितलं. तरीही त्याच कंपनीत २०१५ मध्ये आणखी एका तरुणीनं जीव दिला.

आपल्याकडे कामाच्या त्रासानं कोणी आत्महत्या केली की घरचे पोलिसात जातात, आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदवायला लावतात आणि सगळी ताकद त्यात जाते. तो त्यांचा हक्क आहे. पण फौजदारी खटल्यात कोणाचा हेतू सिद्ध करावा लागतो, भरपाईत हेतूचा प्रश्नच नसतो. एकाच्या निकालाची वाट बघत दुसऱ्याची मुदत घालवू नये. आत्महत्येवर भरपाई मिळवणं आपल्याकडे फार कठीण आहे, हे खोटं आश्वासन न देता सांगायलाच हवं. यातली एक विसंगती मात्र मला सतत सलते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, म्हणून त्याला शिक्षा होत नाही. तोच माणूस गेला, तर त्याच्या बायकोला मात्र तो ताण पुराव्यानिशी दाखवावा लागतो.

दावा होईल न होईल, काही रकमा मृत्यूचं कारण न विचारता मिळतात आणि त्या आधी घ्याव्यात. भविष्यनिर्वाह निधीचं खातं असेल तर त्याला जोडलेला विमा, जास्तीत जास्त सात लाखांचा. ग्रॅच्युइटी, जिला एरवी पाच वर्षांची अट असते, ती मृत्यूच्या वेळी लागत नाही. निधीतून विधवेला आणि मुलांना निवृत्तिवेतन. या रकमा घेतल्यानं भरपाईचा हक्क जात नाही.

वहिनींचा दावा लागला आहे. मालकानं म्हणणं दाखल केलंय, चालक माझा नव्हताच. पुढच्या तारखेला आम्ही फास्टॅगचा बँकेकडून शिक्क्यासह काढलेला उतारा देणार आहोत. गाडी मालकाच्या नावावर आहे आणि टोलचे मेसेज मेलेल्या माणसाच्या फोनवर.